पाचव्या पेल्याचे गुण

१

जागृती करंदीकरने गुणपत्रक डोळ्यांजवळ नेले, पुन्हा दूर धरले, आणि मग तोच आकडा दुसऱ्यांदा वाचला.

“आनंदा तांडेल. पेला क्रमांक दोन, नऊ गुण. पेला क्रमांक पाच, चार गुण.”

शीळफाट्यापासून थोडे आत असलेल्या प्रफुल्ल भोईर यांच्या बंगल्याच्या गच्चीवर त्या रविवारी दुपारी सगळ्यांच्या माना आनंदाकडे वळल्या. कारण दोन आणि पाच या दोन्ही पेल्यांत एकच बिअर होती, हे आता सर्वांस कळले होते.

घोट मंडळाचा हा नियमच होता. मंडळात सभासद चार. दर महिन्याच्या चौथ्या रविवारी प्रत्येकापुढे सहा लहान पेले ठेवले जात, तीन पहिल्या डावात आणि तीन दुसऱ्या डावात. कोणत्या पेल्यात काय आहे हे कोणासही ठाऊक नसे. त्यातच एक बिअर दोनदा दिली जाई. तिला मंडळात जुळी म्हणत. जुळीला जो एकसारखे गुण देईल त्याची जीभ खरी. एका गुणाचा फरक माफ होता, त्याहून अधिक नाही.

आणि आज तर नेहमीचा रविवार नव्हता. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ‘खारफुटी’ नावाचे बिअरगृह चालवणारा भावेश ठक्कर यास एक हौशी चवपरीक्षक निवडायचा होता, म्हणून आजचे पेलेही त्यानेच खाली स्वयंपाकघरात भरले होते. तेथे नवी बिअर उतरली की तिच्याविषयी त्या परीक्षकाने चार ओळी लिहायच्या, आणि त्या ओळी त्याच्या नावासह दारातल्या मोठ्या फळ्यावर रंगवल्या जायच्या. मोबदला काही नाही, केवळ मान. त्या मानासाठी मंडळात दोनच नावे होती. एक आनंदा, दुसरे कमलेश साळवी.

“साळवी कमलेश,” जागृतीने पुढे वाचले, “आठ आणि आठ.”

आनंदा उठला. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा रुंद खांद्यांचा माणूस गेली सहा वर्षे एकदाही जुळीला फसला नव्हता.

“जीभ मेली माझी,” तो शांतपणे म्हणाला. “बापाची पण अशीच गेली होती, पन्नाशीच्या आत. आधी चव गेली, मग बाकीचं गेलं.”

“अरे, एका दिवसाचं काय घेऊन बसलास?” प्रफुल्लशेठ म्हणाले.

“शेठ, एका दिवसातच जाते ती.”

तो जिना उतरून गेला. कमलेशच्या छातीत मात्र या क्षणी जे उसळले ते दुःख नव्हते. ते लपवण्यासाठी त्याने मान खाली घातली.

जागृतीने सर्व कागद गोळा करून फाइलला लावले. कमलेशच्या जवळून जाताना तिने हळूच विचारले, “कमलेश, आजचे पेले तूच धुतले होतेस ना?”

२

कमलेश साळवी हा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचे काम करीत असे. दहावीपुढे त्यास शिकता आले नव्हते. परंतु वाचनालयातील पुस्तके वाचून त्याने आपली भाषा घडवली होती. बिअरविषयी तो लिहायचा ते समास रचून, अलंकार योजून. ‘सुवर्णकांती धारण केलेले हे पेय रसनेस प्रथम मृदू आणि अंती तीक्ष्ण भासते,’ अशा त्याच्या ओळीला समाजमाध्यमावर सात जणांची पसंती मिळे. त्यात एक त्याची पत्नी प्राप्ती असे.

आनंदा लिहायचा, ‘ही बिअर म्हंजे भरती लागायच्या आधीची खाडी. वरून गप्प, खालून खेच.’ त्याला आठशे जण दाद देत.

ही दोन वाक्ये कमलेशने किती वेळा शेजारी ठेवून पाहिली असतील याची गणती नाही. आपण परिश्रम करतो आणि हा माणूस नुसता बोलतो, हे त्यास सलत असे. आनंदाच्या प्रत्येक लेखात तो चुका शोधी. चुका सापडत. दाद कमी होत नसे.

आता मात्र सर्व जुळून आले होते, आणि नेमक्या त्याच वेळी जागृतीने ते विचारले. पेल्याला साबण राहिला की फेस मरतो, हे मंडळात सर्वांस ठाऊक होते. आनंदाच्या पेल्यात साबण राहिला, आणि तो कोणी ठेवला याविषयी उद्या सारे बोलू लागले, तर खारफुटीच्या फळ्यावरील त्याचे नाव कलंकित होणार होते. ‘शनिवारी नाव रंगवतो,’ असे भावेश सांगून गेला होता. म्हणजे सहा दिवस.

आपले पेले निष्कलंक होते आणि आनंदाची जीभच चुकली, हे सिद्ध करायचे, असा निश्चय कमलेशने केला.

सोमवारी संध्याकाळी तो जागृतीच्या घरी गेला. ती फडके रस्त्याजवळ गणिताचे वर्ग चालवी. मंडळाची चिटणीसही तीच.

“मला फाइल पाहायची आहे,” तो म्हणाला.

“राग आला का रे तुला?”

“राग नाही. पण तू विचारलंस म्हणजे तुझ्या मनात आलं.”

“माझ्या मनात खूप काही येतं,” जागृती हसली. “मला तरी कुठं आवडतं दर वेळी आनंदाचं कौतुक? मी सात आणि आठ दिले. मी पण पास. माझं नाव कोणी घेतलं का? नाही. सगळे विचारतायत, आनंदाला काय झालं. हरला तरी बातमी त्याचीच.”

“मग पेले मी धुतले हे का विचारलंस?”

“कारण तू हसत होतास. मान खाली घालून हसलास तरी कान हलतात तुझे.”

कमलेशने फाइल उघडली. आनंदाच्या पहिल्या तीन पेल्यांचे गुण इतरांच्या गुणांशी जवळपास मिळत होते. नंतर त्याने शेरे वाचले आणि त्याचे बोट थांबले. चौथ्या पेल्यापुढे लिहिले होते, ‘फेस बसला. कडू दबलं.’ पाचव्यापुढे, ‘फेस नाय. कडू दबलं. मेलेली.’ सहाव्यापुढे, ‘ही पण तशीच.’

केवळ पाचवा पेला बिघडला नव्हता. दुसरा डाव संपूर्ण बिघडला होता.

मंडळाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाच्या तबकात एक पांढरा कागद अंथरलेला असे. त्यावर नाव, आणि सहा पेल्यांसाठी सहा आकडे. तो कागदही गुणपत्रकाबरोबर फाइलला लावला जाई. कमलेशने चारही कागद जमिनीवर मांडले. तिघांचे कागद जवळजवळ कोरे. आनंदाच्या कागदावर एक, दोन, तीन या आकड्यांभोवती काहीच नव्हते. चार, पाच आणि सहा या आकड्यांभोवती मात्र तीन रुंद, पिवळसर, वाळलेली कडी होती. त्या तीन पेल्यांतून, आणि केवळ त्याच तीन पेल्यांतून, बिअर उतू गेली होती.

३

साबण राहिलेल्या पेल्यात फेस मुळात चढतच नाही, मग तो उतू कसा जाणार? कमलेशचे पेले निर्दोष होते. येथेच त्याने थांबायला हरकत नव्हती. परंतु ज्या फेसाने उतू जावे त्यानेच पुढे बसून जावे, हे कोडे त्याच्या प्रयोगशाळेतल्या सवयीला स्वस्थ बसू देईना.

मंगळवारी रजा टाकून त्याने ठाणे गाठले. खारफुटीत दुपारी गिऱ्हाईक नव्हते. दारातला फळा पुसून काळा करून ठेवला होता.

“तुझं नाव इथं येणार, शनिवारी,” भावेश म्हणाला. “पेंटरला सांगितलंय. काय बोलतोस?”

“आधी एक विचारतो. रविवारी तू ओतलंस तेव्हा आनंदाच्या पेल्यांना काही वेगळं केलंस?”

“मी का करू? एका बाटलीतून चार पेले, रांगेत. कुणाचं तबक कुठलं ते मी वाचत पण नाही. सगळ्यांना दोन बोटं फेस.”

“उतू गेलं?”

“माझ्या हातून? अकरा वर्षं ओततोय मी, कमलेशभाई.”

“ओतल्यावर तू तिथंच होतास?”

“नाही. तुमचाच नियम ना. ओतणाऱ्याने तोंड दाखवायचं नाही. मी ओतलं, प्रफुल्लशेठना हाक मारली, मागच्या दारानं बाहेर. शेठ येऊन तबकं घेऊन गेले.”

“मधे किती वेळ गेला?”

“दोन-तीन मिनिटं. शेठ जिना उतरणार, म्हणजे त्यांचे गुडघे उतरणार.”

“त्या वेळात स्वयंपाकघरात कोण होतं?”

“कुणीच नाही,” भावेश ठामपणे म्हणाला.

परतताना कमलेश कोळीवाड्यात उतरला. आपण तेथे का जात आहोत याचे त्याने स्वतःला दिलेले कारण असे, की तपास पुरा हवा. खरे कारण निराळे होते. आनंदाच्या पानावर रविवारी चारशे बारा लेख होते. सोमवारी रात्री त्याने मोजले तेव्हा तीनशे चाळीस उरले होते, आणि आज सकाळी तीनशेच्या खाली. आनंदा आपले लेख पुसून टाकीत होता. ते कसे दिसते, हे कमलेशला समोरून पाहायचे होते.

आनंदा ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता.

“या साहित्यिक,” तो म्हणाला. “जिंकलास. पेढे आणलेस?”

“का पुसतोयस ते?”

“ज्याला नऊ नि चारमधलं कळत नाय त्याचं लोकांनी का ऐकायचं? मी कितीतरी जणांना सांगितलं, ही घ्या, ती नका घेऊ. सगळं खोटं निघालं असंल तर?” त्याने एक लेख उघडला, पाहिला, पुसला. “डॉक्टरकडं जायचंय शनिवारी संध्याकाळी. बायको रडतेय. तिला बापाचं माहीत हाय.”

“मधल्या सुटीत काय खाल्लंस?”

“भाकरी. नुसती. नियम पाळतो मी. तोंड नीट होतं.”

“आणि रविवारनंतर घरी जेवणाची चव?”

आनंदाने मान वर केली. “लागते की. म्हणून तर जास्त भीती वाटते. जेवण लागतंय नि बिअर नाय, हे कसलं दुखणं?”

कमलेशने निरोप घेतला. तोपर्यंत आणखी दोन लेख गेले होते, आणि त्यास हवा होता तो आनंद काही केल्या पुरा होईना.

४

बुधवारी घरी येताना कमलेशने पाचव्या पेल्यातल्याच, कडवट फुलांच्या वासाच्या बिअरच्या तीन बाटल्या आणल्या. ओट्यावर पाच पेले मांडले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात साबणाचे बोट. तिसऱ्यात तेलाचा थेंब. उरलेल्या दोन्ही पेल्यांत बिअर ओतल्यावर एकात चिमूटभर साखर आणि दुसऱ्यात मिठाचे खडे.

“हे आता घरातही?” प्राप्ती दारात उभी राहून म्हणाली.

“शास्त्रीय प्रयोग आहे.”

“तेल पुसून ठेव त्या शास्त्रातलं.”

साबणाच्या पेल्यात फेस उठलाच नाही. तेलाच्या पेल्यात उठला आणि विरला. साखर आणि मीठ यांनी मात्र एकच गोंधळ केला. फेस तटतटून वर आला, काठावरून ओट्यावर सांडला, आणि मिनिटभरात पेला डबक्यासारखा गप्प झाला. तळाशी हवा उरली नव्हती.

कमलेशने साखरेचा पेला चाखला. गोड. आनंदाने गोड लिहिले नव्हते. मग मिठाचा. तो खारट लागेल अशी त्याची अपेक्षा होती. परंतु खडे थोडे होते, खारट काही लागले नाही. केवळ कडवटपणा कोणीतरी मागे ओढून नेल्यासारखा झाला होता.

“कडू गेलं,” तो पुटपुटला.

“त्यात काय एवढं?” प्राप्ती म्हणाली. “कारल्याला मी काय लावते?”

कमलेशने आनंदाच्या तबकाचा कागद काढला. जागृतीकडून तो त्याने सही देऊन आणला होता. त्याने जीभ टेकवली. तीनच्या आकड्याजवळ केवळ कागद. चारजवळ, पाचजवळ आणि सहाजवळ, वाळून आटलेल्या त्या कड्यांवर, मीठ. पाणी उडून गेल्यावर जे खारट लपले होते ते उघडे पडले होते.

वाचकहो, या क्षणी त्या मनुष्याच्या अंतःकरणात काय झाले असेल ते पाहा. कोडे सुटण्याचा हर्ष क्षणभर टिकला. त्यापाठोपाठ एक कडू विचार आला, ज्यावर कोणतेही मीठ चालणारे नव्हते. आनंदाने चूक केलेलीच नाही. दुसऱ्या आणि पाचव्या पेल्यातली बिअर एक राहिलेलीच नव्हती, आणि आनंदाच्या जिभेने ते अचूक सांगितले होते. चौघांच्या पाचव्या पेल्यांत तो एकच पेला वेगळा होता, आणि तो आनंदापुढे आला होता.

हे या घडीला कमलेशखेरीज कोणासही ठाऊक नव्हते. कागद त्याच्या हातात होता. तो नळाखाली धरला असता तर अर्ध्या मिनिटात कोरा झाला असता.

“नळ चालू कशाला ठेवलास?” प्राप्तीने विचारले.

कमलेशने कागद दुसऱ्या हातात घेतला. त्याने मोबाइल उघडला. आनंदाच्या पानावर एकशे शहाण्णव लेख उरले होते. वर दिसत होता तो भरतीच्या आधीच्या खाडीचा. तो पुसला जाईल ही कल्पना त्यास सोमवारी सुखाची वाटली होती. आज त्याने तो पुन्हा वाचला, आणि आपल्याला तो पाठ आहे हे त्याच्या ध्यानी आले.

त्याने नळ बंद केला. “उद्या मला प्रफुल्लशेठकडे जायचं आहे,” तो म्हणाला.

५

“मी?” प्रफुल्लशेठ झोपाळ्यावरून अर्धे उठले. “मी मीठ टाकलं?”

“तबकं तुम्हीच उचललीत.”

“उचलली. त्याच्या तबकात फेस सांडत होता, ते पण बघितलं. पुसलं नाही, कारण तबकाला हात लावायचा नाही हा नियम तुम्हीच केलात.” शेठ पुन्हा बसले. “खरं सांगू का कमलेश, मला राग येतो त्याचा. गच्ची माझी, बिअर मी आणवतो, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, आनंदा आहे का. मला सहाच्या वर गुण सुचत नाहीत, त्याला मी काय करू? पण पेल्यात मीठ टाकायला तो पेला कुठला ते तरी कळायला हवं. मला चष्म्याशिवाय त्या कागदावरचं नाव वाचता येत नाही, आणि चष्मा गच्चीवर होता.”

हे खरे होते. चष्मा टेबलावर पालथा पडलेला कमलेशने स्वतः पाहिला होता.

“आत कोण होतं त्या वेळी?”

“कुणी नाही.”

तेच उत्तर. भावेशचेही तेच. कमलेश जाण्यास उठला आणि तेवढ्यात त्यास एक साधी गोष्ट सुचली. दुसऱ्या डावाच्या आरंभी तबकांबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आल्या होत्या. जीभ धुण्यासाठी मंडळ त्याच खात असे. त्या भाकऱ्या गरम होत्या. बोटांना चटका बसला होता.

भाकरी स्वतःहून तव्यावर चढत नाही.

“शेठ, भाकऱ्या कोणी भाजल्या?”

“कोण भाजणार? आईनं.”

“म्हणजे आई आत होत्या.”

“अरे, आई म्हणजे…” शेठ थांबले. “ती तिच्या चुलीपाशी असतेच की. ती कुठं कोण झाली?”

सखुबाई भोईर स्वयंपाकघरात पाटावर बसून पीठ मळत होत्या. सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून भक्कम. त्यांचे सासर-माहेर दोन्ही मिठागरातले. मिठागरे गेली, जमिनींवर इमारती आल्या, परंतु ओट्याच्या कोपऱ्यात चिनी मातीची बरणी होती आणि तिच्यात राखाडी खडेमीठ.

“बस रं बाला,” त्या म्हणाल्या. “च्या घेशील?”

“आई, रविवारी आनंदाच्या पेल्यात मीठ कोणी टाकलं?”

“मीच टाकलं.” त्यांनी गोळा थापायला घेतला. “तीन-तीन खडं. का रं?”

एवढ्या सहजतेने गुन्हा कबूल झालेला कमलेशने कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता. “तुम्हाला त्याचं तबक कसं कळलं? तुम्हाला वाचता येतं?”

“वाचाला कशाला पायजे? भावेश गेला तवा मी चारी तबकं बघितली. एका कागदाला वरती कोपऱ्यात दुमड व्हती. आनंद्या सवयीनं दुमडतो, पयल्या डावालाच दुमडलेली. त्याची आई नि मी बरोबरीनं डोक्यावरनं मीठ वाहिलंय, त्याच्या सवयी मला नाय कलणार?”

“पण मीठ कशासाठी?”

“नजरंसाठी.” सखुबाईंना या प्रश्नाचेच नवल वाटले. “माजी सासू शिदोरी बांधायची तवा पन टाकायची. खानाऱ्याच्या घासाकडं कोनी टक लावून बघत असंल, त्या घासात खडा टाकायचा. नजर मिठाला चिकटते, मानसाला लागत नाय. मी पयल्या डावाला भाकरी सांगाया वर आयले व्हते, दारातून बघितलं. मला बरं नाय वाटलं. म्हनून खाली येऊन टाकलं. बिअरला काय व्हतं त्यानं?”

आता कुठे कमलेश त्यांच्यासमोर खाली बसला.

“कोणाची नजर होती, आई?”

सखुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, कडेने पाणी लावले, आणि एक नाव सांगितले.

६

शनिवारी दुपारी चार वाजता खारफुटीत पाच माणसे जमली. रंगारी डबा उघडून दारात बसला होता. आनंदाला यायचे नव्हते. कमलेशने फोनवर ‘डॉक्टरकडे जाण्याआधी ये’ एवढेच सांगितल्यामुळे तो आला होता. त्याच्या पानावर एकसष्ट लेख उरले होते.

कमलेशने तबकाचा कागद टेबलावर ठेवला आणि क्रमाने सर्व सांगितले. साबणाने फेस चढत नाही. ही कडी उतू गेलेल्या फेसाची आहेत. फेस चढवून मारतात ते मीठ आणि साखर. साखर गोड लागली असती. कागद खारट आहे, ज्यास शंका असेल त्याने जीभ लावावी. जागृतीने लावली आणि मान डोलावली. मग भाकऱ्या, मग सखुबाई.

“आनंदाने पाचव्या पेल्याला दिलेले चार गुण योग्य होते,” तो म्हणाला. “मीठ घातलेल्या त्या बिअरला मी तीन दिले असते. त्याच्या जिभेला काहीही झालेलं नाही. रविवारी सगळ्यात अवघड पेला त्याच्यापुढे आला, आणि तिने तोही बरोबर ओळखला.”

आनंदाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग त्याने मोबाइल काढला आणि बायकोला फोन लावला. “नाय जायचं डॉक्टरकडं,” एवढेच बोलून त्याने फोन ठेवला.

“आईला मी आज चांगलं बोलतो,” प्रफुल्लशेठ म्हणाले.

“काकीला एक शब्द बोललात शेठ, तर मी पुन्हा तुमच्या गच्चीवर पाय ठेवणार नाय,” आनंदा म्हणाला. “माझ्यासाठी केलं तिनं.”

“पण एक राहिलं,” जागृती म्हणाली. गणित शिकवणाऱ्या बाईला अपुरे उदाहरण सहन होत नाही. “नजर कोणाची? सखुबाईंनी बघितलं कोणाला?”

भावेशने प्रफुल्लशेठकडे पाहिले. प्रफुल्लशेठनी जागृतीकडे पाहिले. येथपर्यंतची वाक्ये कमलेशने आदल्या रात्री लिहून काढली होती, शुद्ध आणि सुबक. या जागेवर त्याने अनेक वाक्ये लिहिली आणि खोडली होती. ‘ते अज्ञात राहिले’ असेही एक होते. ते वाचायला छान वाटत होते.

“माझी,” तो म्हणाला.

रंगाऱ्याने डब्यात काडी फिरवणे थांबवले.

“त्या म्हणाल्या, आनंदा तोंडाला पेला लावायचा तेव्हा मी माझा पेला विसरून त्याच्या घशाकडे बघत होतो. ते खरं आहे. आजचं नाही, सहा वर्षांचं आहे. रविवारी तो चुकला तेव्हा मला बरं वाटलं. लेख पुसायला लागला तेव्हा मी मोजत बसलो. हा कागद मी नळाखाली धरणार होतो.” त्याने ओठ पुसले. “फळ्यावर त्याचं नाव लिहा.”

आनंदा त्याच्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग होता, आणि कमलेशला तो रागच हवा होता. दया आली असती तर तो उठून गेला असता.

“सहा वर्षं?” आनंदा म्हणाला. “मला वाटायचं तुला माझ्या शुद्धलेखनाची चीड हाय.”

“तीही आहे.”

जागृती हसली, आणि मग प्रफुल्लशेठ.

“नाव आधी नाही लिहायचं,” भावेश म्हणाला. “परीक्षा पुन्हा. आत्ता, इथंच. दोघांची.”

“माझी नको,” कमलेश म्हणाला.

“मग पेले धू,” आनंदा म्हणाला. “तुझ्याइतके स्वच्छ कोण धुतं? आणि एक. कोपऱ्यातून नाय बघायचं. हितं बस, समोर. बघायचं तर उजेडात बघ.”

कमलेशने सहा पेले धुतले, उजेडाकडे धरून तपासले, उपडे घालून निथळवले. भावेशने पडद्यामागे ओतले. कमलेश आनंदाच्या समोरच्या खुर्चीवर बसला. जागृतीने त्याच्या हातात पेन आणि कोरे गुणपत्रक दिले. “नोंद तू घे,” ती म्हणाली.

आनंदाने पहिला पेला उचलला, वास घेतला, घोट घेतला. त्याच्या गळ्यातून तो खाली उतरताना कमलेशने डोळे वळवले नाहीत. छातीतले ते जुने दुखणे जागचे हलले नव्हते. उलट इतक्या जवळून पाहताना ते अधिकच स्पष्ट जाणवत होते. या माणसाला जे एका घोटात कळते ते आपल्याला पाच पेले मांडून कळते, आणि हे असेच राहणार होते.

“सात,” आनंदा म्हणाला.

कमलेशने सात लिहिले.

दुसरा पेला, पाच. तिसरा, नऊ. चौथा, सहा. पाचवा पेला आनंदाने आधी उजेडाकडे धरून त्याचा फेस पाहिला. त्याने एक घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

“ही तीच, तिसरी,” तो म्हणाला. “नऊ.”

पडद्यामागून भावेशने “बरोबर” असे सांगितले. प्रफुल्लशेठ टाळ्या वाजवू लागले. कमलेशने नऊचा आकडा लिहिला, आणि त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे म्हणून विचारले.

“तूच लिही,” आनंदा पेला त्याच्याकडे सरकवत म्हणाला. “मी पिलो. आता तू पी, नि तुझ्या त्या जड भाषेत लिही. फळ्यावर माझं नाव येतंय, तर खाली एक ओळ तुझी जाऊ दे. लोकांना कळलं नाय तर मी समजावीन.”

कमलेशने पेला उचलला. आनंदा हाताची घडी घालून, टक लावून, त्याच्या घशाकडे पाहत बसला.